सौर कृषीपंप घेण्याआधी विहिरीची आवक मोजून घ्या

मराठवाड्यात सौर पंपाची चौकशी करणारा शेतकरी बहुतेक वेळा आधी ‘किती एचपीचा घेऊ?’ असे विचारतो. त्याच्याही आधी एका प्रश्नाचे उत्तर हाताशी असावे लागते : आपल्या विहिरीला किंवा बोअरला मार्च-एप्रिलमध्ये दिवसाकाठी किती पाणी येते? आपल्याकडचे भूजल बेसाल्टच्या भेगांमध्ये आणि खडकाच्या झिजलेल्या, मुरमाड थरात साठलेले असते. ही साठवण उथळ आणि थोडी असल्यामुळे दिवाळीत काठोकाठ दिसणारी विहीर फेब्रुवारी सरता सरता तळ दाखवू लागते. पंपाचा आकार या उन्हाळी पाण्यावर ठरवावा, सातबाऱ्यावरील क्षेत्रावर ठरवू नये.

आवक मोजण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. नायलॉनच्या दोरीला दर फुटावर गाठ मारावी, टोकाला दगड बांधावा आणि संध्याकाळी उपसा थांबवल्याबरोबर पाण्याची पातळी मोजून वहीत लिहून ठेवावी. दुसऱ्या दिवशी सकाळी पंप सुरू करण्याआधी पुन्हा मोजावी. गोल विहिरीत एक फूट उंचीच्या पाण्याचे लिटर काढण्यासाठी फुटांतील व्यासाला व्यासानेच गुणून आलेल्या संख्येला २२ ने गुणावे. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,८०० लिटर होते. बारा तासांत चार फूट पाणी चढले असेल, तर रात्रीची आवक ३५ हजार लिटर आणि दिवसरात्र मिळून ती ७० हजारांच्या आसपास धरता येते. पातळी खाली असताना झरे जोराने वाहतात आणि पाणी चढले की मंदावतात, म्हणून हे मोजमाप तीन-चार दिवस सलग करून त्यातला कमी आकडा धरणे शहाणपणाचे ठरते.

बोअरसाठी २०० लिटरचा ड्रम आणि घड्याळ पुरते. पंप सुरू करून दहा मिनिटांनी, एका तासाने आणि तीन तासांनी ड्रम भरायला लागणारा वेळ पाहावा. सुरुवातीला ८० सेकंदांत भरणाऱ्या ड्रमला तीन तासांनी दोन मिनिटे लागू लागली, तर बोअरचे खरे पाणी ताशी ९ हजार नसून ६ हजार लिटर किंवा त्याहूनही कमी आहे असे समजावे. बोअर घेताना ‘दोन इंची पाणी लागले’ असे जे सांगितले जाते, त्यावर सौर पंपाचा हिशेब कधीही बांधू नये.

पिकाच्या गरजेचा हिशेब त्यामानाने सोपा आहे. एक एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. रब्बीत पूर्ण वाढलेल्या पिकाला दिवसाला तीन ते चार मिलिमीटर, म्हणजे एकरी १२ ते १६ हजार लिटर लागते. उन्हाळी भाजीपाल्याला सहा मिलिमीटर धरल्यास ते २४ हजारांवर जाते. हरभऱ्यासारख्या पिकाला रोज पाणी द्यायचेच नसते. फुलोरा येताना आणि घाटे भरताना अशी दोन पाणी तुषार संचाने दिली तरी ते साधते.

आता पंपाकडे वळू. माहितीपत्रकात ‘हेड’ म्हणून जो आकडा दिलेला असतो, तो पाणी एकूण किती मीटर उचलावे लागणार हे सांगतो, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण बोअरची खोली म्हणजे हेड नव्हे. समजा, उन्हाळ्यात उपसा चालू असताना पाणी ४० फुटांवर, म्हणजे १२ मीटरवर असते, शेत विहिरीच्या काठापेक्षा २ मीटर उंच आहे, पाइपातील घर्षणात ३ मीटर जातात आणि ठिबकचा फिल्टर व दाब यांसाठी १३ मीटर लागतात. मग एकूण हेड ३० मीटर झाला. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला सुमारे २.७ वॅट-तास ऊर्जा लागते. ३ एचपी पंपाबरोबर येणारे ३,००० वॅटच्या आसपासचे पॅनेल निरभ्र दिवशी साधारण १२ युनिट (एक युनिट म्हणजे एक हजार वॅट-तास) वीज देतात आणि त्यातील निम्म्याहून थोडी अधिक मोटार, पंप व कंट्रोलरमध्ये (पॅनेलची वीज पंपाला देणारी, पंप चालू-बंद करणारी पेटी) खर्च होते. उरलेल्या साडेपाच युनिटांत ३० मीटर हेडवर ६५ हजार लिटरच्या आसपास पाणी निघते. हेड ६० मीटर झाला की तेच पाणी निम्म्यावर येते. म्हणजे वरच्या उदाहरणातील विहिरीला ३ एचपी पंप पुरेसा आहे, आणि त्याहून मोठा पंप बसवला तरी विहीर जास्त पाणी देणार नाही.

हे मी अनुभवावरून लिहीत आहे. आमच्या क्षेत्रावर ५ एचपी मंजूर होत होता, म्हणून आम्ही तोच घेतला. पहिल्याच एप्रिलमध्ये सकाळी साडेदहापर्यंत विहिरीचा तळ दिसू लागला. पाणी संपले की कंट्रोलर पंप थांबवायचा, थोडे चढले की पंप पुन्हा सुरू व्हायचा, आणि दिवसातून सात-आठ वेळा हेच चालायचे. प्रत्येक वेळी ठिबकच्या शेवटच्या नळीपर्यंत दाब पोहोचण्याआधीच पंप बंद पडत असल्यामुळे टोकाच्या मोसंबीची पाने दुपारी वळलेली दिसत, तर व्हॉल्व्हजवळची झाडे चिखलात उभी असत.

राज्य शासनाच्या ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५ एचपी आणि त्यावरील क्षेत्राला ७.५ एचपी अशी मर्यादा आहे. सर्वसाधारण गटातील शेतकऱ्याला किमतीच्या १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. पात्रतेपेक्षा कमी क्षमतेचा पंपही मागता येतो, ही तरतूद फार थोड्यांच्या लक्षात येते. अर्ज महावितरणच्या संकेतस्थळावर भरायचा असतो; त्याआधी विहिरीची किंवा बोअरची नोंद सातबाऱ्यावर असल्याची खात्री करावी, आणि क्षेत्र सामाईक असल्यास इतर भोगवटादारांचे संमतिपत्र तयार ठेवावे. भूजल पातळी फार खालावलेल्या क्षेत्रात भूजल विभागाचा ना हरकत दाखलाही लागतो. जागेची पाहणी करायला माणसे येतील, त्या दिवशी स्वतः हजर राहून मोजमापाची वही त्यांच्यापुढे ठेवावी आणि किती मीटर हेडचा पंप हवा ते लेखी मागावे.

पॅनेलचे तोंड दक्षिणेला हवे. आपला प्रदेश साधारण १८ ते २० अक्षांशांच्या दरम्यान असल्यामुळे वर्षभर एकाच कोनात ठेवायचे असल्यास तेवढाच कल योग्य असतो. सांगाडा हाताने फिरवता येणारा असेल, तर हिवाळ्यात कल वाढवावा आणि उन्हाळ्यात कमी करावा. सावलीच्या बाबतीत तडजोड नको. पॅनेल एकामागे एक जोडलेले असल्याने बांधावरच्या लिंबाची सावली एकाच पॅनेलवर पडली, तरी सगळ्या ओळीची वीज घटते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि सावल्या लांबतात. म्हणून जागा उन्हाळ्यात ठरवली, तरी झाडाच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे.

पाया भरताना समोर उभे राहणे आवश्यक आहे. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे वरच्या थरातच काँक्रीट ओतले तर दोन हंगामांत खांब कलतात. खड्डा मुरूम लागेपर्यंत खोल न्यावा. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाचे वादळ पॅनेलला खालून उचलते, म्हणून दर वर्षी मार्चअखेर सगळे नट-बोल्ट पान्याने आवळून घ्यावेत. आकाशातून पडणारी वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचे अर्थिंग वेगळे आणि पंप-कंट्रोलरचे वेगळे आहे ना, हेही पाहावे.

रोजच्या वापरात एक गोष्ट अंगवळणी पाडावी लागते. महावितरणच्या विजेवर पंप एकसारखा चालतो. सौर पंपाचा प्रवाह मात्र सकाळी नऊला कमी, बारा-एकला सर्वाधिक आणि चारनंतर पुन्हा कमी असतो. त्यामुळे ठिबकचे भाग लहान-मोठे असे पाडावेत. सकाळी व संध्याकाळी लहान भागाचा व्हॉल्व्ह उघडावा आणि भर दुपारी मोठ्या भागाला पाणी द्यावे. शेततळे असल्यास हिवाळ्यातील जास्तीची आवक त्यात साठवता येते. ३० बाय ३० मीटर आणि ३ मीटर खोलीच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. परंतु कडक उन्हाळ्यात अशा तळ्यातून दिवसाला ९ हजार लिटरपर्यंत वाफ होऊन जाते, तेव्हा विहिरीत राहू शकणारे पाणी उगाच तळ्यात आणू नये. ऊन फुकट आहे म्हणून पंप दिवसभर चालू ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण शेजारच्या विहिरीचे झरे आपल्याच खडकातून येतात.

धुळीच्या दिवसांत आठ-दहा दिवसांनी पॅनेल पुसावेत. ते उजाडतानाच, मऊ कापडाने आणि शक्यतो गोड्या पाण्याने. क्षारयुक्त पाण्याचे डाग काचेवर बसतात, तर दुपारी तापलेल्या काचेवर थंड पाणी टाकल्यास ती तडकू शकते. पंप बंद असला तरी उन्हात पॅनेलच्या तारांमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक डीसी दाब असू शकतो, म्हणून जोडण्या स्वतः कधीही सोडू नयेत आणि उंदरांनी कुरतडलेली तार दिसल्यास स्विच पाडून तंत्रज्ञाला बोलवावे. योजनेतील पंपाला पाच वर्षे दुरुस्तीची हमी आणि विमा असतो. त्यामुळे तक्रार नोंदवल्यावर मिळालेला क्रमांक, तारीख आणि गारपिटीनंतर त्याच दिवशी काढलेली छायाचित्रे पातळीच्या वहीबरोबरच जपून ठेवावीत.