दोन जीबीच्या फाइलमध्ये ओळ क्रमांक झटपट आणि बिनचूक कसा दाखवावा

सर्व्हरचा लॉग तपासताना सहकाऱ्याचा निरोप येतो, "ओळ १००००००१ बघ, तिथे गडबड आहे." फाइल दोन जीबीची. व्ह्यूअर, म्हणजे फाइल दाखवणारा प्रोग्रॅम, ती क्षणात उघडतो. स्क्रोलबार मध्यावर ओढला तर मजकूरही लगेच दिसतो, पण डावीकडचा नंबर काही येत नाही, किंवा येतो तो चुकीचा. याचं कारण साधं आहे. मजकूर दाखवायला फाइलमधली जागा कळली की पुरे. नंबर सांगायला मात्र त्या जागेआधी किती ओळी झाल्या हे ठाऊक असावं लागतं, आणि ते फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं. मोजावंच लागतं. असा व्ह्यूअर लिहिताना ही मोजणी एकदाच करून तिचा हिशोब कसा जपावा, ते इथे पाहू. सी, पायथन, रस्ट, जावा, कोणतीही भाषा असो, रीत तीच.

आधी ओळ म्हणजे काय ते ठरवा

फाइलमध्ये ओळी नसतात, फक्त बाइट असतात. ओळ संपल्याची खूण म्हणजे १० या किमतीचा बाइट. लिनक्समध्ये तो एकटा येतो, विंडोजच्या फाइलीत त्याच्याआधी १३ असतो. दोन्हींना चालणारा नियम असा: मोजताना फक्त १० मोजा, दाखवताना त्याला चिकटलेला १३ गाळा. मग कोणत्याही जागेचा ओळ क्रमांक म्हणजे तिच्याआधी आलेल्या १० ची संख्या अधिक एक. (नुसत्या १३ वर ओळ तोडणाऱ्या जुन्या मॅकच्या फाइली आता क्वचितच भेटतात. त्यांच्यासाठी मोजायची खूणच १३ धरा.)

शेवटच्या ओळीची फसगत इथेच होते. फाइलच्या अखेरीस १० नसेल तरी ती ओळ असतेच. म्हणून एकूण ओळी म्हणजे १० ची संख्या, आणि फाइल रिकामी नसून शेवटचा बाइट १० नसेल तर त्यात एक मिळवायचा. लिनक्सची ओळी मोजणारी डब्ल्यूसी -l ही आज्ञा नुसत्या खुणा मोजते, त्यामुळे अशा फाइलीत तिचा आकडा तुमच्यापेक्षा एकने कमी येईल. तो फरक बघून आपला बरोबर आकडा 'दुरुस्त' करू नका.

फाइल बायनरी मोडमध्येच उघडा. विंडोजवर टेक्स्ट मोडमध्ये वाचताना १३ आणि १० ची जोडी गुपचूप एकच होते, आणि तुमचा ऑफसेट, म्हणजे फाइलच्या सुरुवातीपासून मोजलेली बाइटची जागा, प्रत्येक ओळीला एक बाइटने मागे पडत जातो. ऑफसेट ६४ बिटच्या पूर्णांकात ठेवा. चिन्हासह ३२ बिटचा पूर्णांक २,१४,७४,८३,६४७ ला संपतो, म्हणजे नेमकी दोन जीबीची फाइलसुद्धा त्यात मावत नाही.

'ऊ' नावाचा सापळा

मराठी मजकूर हाताळणाऱ्याने इथे थांबून नीट बघावं. अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीला एन्कोडिंग म्हणतात. त्यातल्या यूटीएफ-८ मध्ये १० मोजणं निर्धोक आहे, कारण त्यात देवनागरी अक्षराचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो. 'ऊ' तिथे २२४, १६४, १३८ असे तीन बाइट घेतो. त्यात १० कुठेच नाही.

यूटीएफ-१६ मध्ये चित्र पालटतं. तिथे 'ऊ' म्हणजे दोन बाइट, १० आणि ९. म्हणजे ऊस, ऊन, ऊब असा शब्द आला की नुसते बाइट मोजणारा व्ह्यूअर तिथे ओळ संपली असं धरतो. 'ऍ' ची कथा तशीच, त्यात १३ दडलेला असतो. गुजराती किंवा गुरुमुखी मजकूर असेल तर कहरच, कारण त्या लिप्यांच्या प्रत्येक अक्षरात एक बाइट १० असतो. आकडा हजारोंनी फुगतो आणि एन्कोडिंगकडे कोणाचं लक्षही जात नाही.

अशा फाइली दुर्मीळ नाहीत. विंडोजच्या जुन्या नोटपॅडमध्ये मराठी लिहून साठवताना एएनएसआय हे मराठी अक्षरं नसलेलं एन्कोडिंग ठेवलं तर अक्षरांची प्रश्नचिन्हं होत, म्हणून लोक यादीतून 'युनिकोड' निवडत. ते यूटीएफ-१६ च होतं. ओळखायची खूण म्हणजे फाइलचे पहिले दोन बाइट २५५ आणि २५४ असतात. ते दिसले की दोन-दोन बाइटची जोडी घेऊन मोजा. जोडी सम ऑफसेटवर सुरू झालेली हवी, तिचा पहिला बाइट १० आणि दुसरा शून्य हवा, तरच ओळ संपली.

मैलाचे दगड रोवा

महामार्गावर आपण कुठवर आलो हे कळायला कोणी घरापासून पावलं मोजत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड बघायचा आणि तिथून पुढचं अंतर धरायचं. फाइलमध्येही तेच करायचं. प्रश्न एवढाच उरतो की दगड कशाच्या अंतरावर रोवायचे.

प्रत्येक ओळीची सुरुवात नोंदवणं सोपं वाटतं. पण ओळ सरासरी १०० बाइटची धरली तर दोन जीबीत सुमारे दोन कोटी पंधरा लाख ओळी भरतात, आणि एका नोंदीला ८ बाइट या हिशोबाने तक्ताच १६० एमबीहून मोठा होतो. दर हजार ओळींना एक नोंद केली तर मेमरी वाचते, पण ओळींच्या लांबीचा भरवसा नसतो. एखाद्या जेसन फाइलमध्ये अख्खा ५०० एमबी मजकूर एकाच ओळीत असतो, आणि मग दोन दगडांमधलं अंतर बेसुमार वाढतं.

म्हणून आमचा कौल ठराविक बाइटच्या ब्लॉकला. दर ६४ केबीला, म्हणजे ६५,५३६ बाइटला, एक नोंद ठेवा: हा ब्लॉक सुरू होण्याआधी एकूण किती १० येऊन गेले. दोन जीबीत असे ३२,७६८ ब्लॉक होतात आणि तक्ता २५६ केबीत मावतो. ओळी लांब असोत की आखूड, कोणताही नंबर काढायला फार तर एक ब्लॉक वाचावा लागतो. लिनक्सवरचा लेस हा व्ह्यूअर थोडी वेगळी वाट घेतो. तो मोजकेच टप्पे लक्षात ठेवतो, आणि जागा संपली की एकमेकांच्या फार जवळ आलेले टप्पे सोडून देतो. मेमरी जपण्यापुरती ती युक्ती चांगली आहे. पण तुमच्याकडे २५६ केबी असतील तर सरळ तक्ता केव्हाही बरा.

तक्ता भरताना एका वेळी एक एमबी वाचा आणि त्यातले सोळा ब्लॉक एकामागून एक मोजा. एकेक बाइट तपासणारा लूप स्वतः लिहू नका. सीमधलं मेमचर, पायथनमध्ये बाइट्सचं काउंट, ही तयार साधनं कितीतरी वेगवान असतात.

नंबर काढायचे दोन रस्ते

पहिला रस्ता जागेवरून नंबराकडे जातो. स्क्रोलबार ओढल्यावर व्ह्यूअरला मिळते ती जागा. समजा ती बाइट क्रमांक १,००,००,००,००० आहे (मोजणी शून्यापासून). तिला ६५,५३६ ने भागा, ब्लॉक १५,२५८ मिळतो. तो सुरू होतो ९९,९९,४८,२८८ वर. प्रत्येक ओळ नेमकी १०० बाइटची असेल, तर तक्त्यात या ब्लॉकपुढे ९९,९९,४८२ लिहिलेलं असेल. आता ब्लॉकच्या सुरुवातीपासून आपल्या जागेपर्यंतचे ५१,७१२ बाइट वाचून १० मोजा. ५१८ भरतात. बेरीज एक कोटी, अधिक एक. ओळ क्रमांक १,००,००,००१. दोन जीबीच्या फाइलमधून वाचावे लागले जेमतेम ५० केबी.

दुसरा रस्ता नंबरावरून जागेकडचा, 'अमुक ओळीवर जा' यासाठी. पहिली ओळ मागितली तर जागा शून्य. नाहीतर समजा मागितलेला नंबर न आहे. न व्या ओळीची सुरुवात म्हणजे (न – १) व्या १० नंतरचा बाइट. तक्त्यात बायनरी सर्च करा (दर वेळी मधली नोंद बघून नको तो अर्धा भाग सोडा) आणि ज्याची नोंद (न – १) पेक्षा कमी आहे असा सर्वांत शेवटचा ब्लॉक निवडा. त्या ब्लॉकमध्ये नोंदीच्या पुढे १० मोजत (न – १) व्या १० पाशी थांबा, त्यापुढचा बाइट म्हणजे उत्तर. बत्तीस हजार नोंदींत हा शोध पंधरा-सोळा तुलनांत आटोपतो.

'पेक्षा कमी' च्या जागी 'कमी किंवा तितकंच' लिहिलं की चूक घुसते. नोंद (न – १) इतकीच असलेल्या ब्लॉकच्या आधीच तो १० येऊन गेलेला असतो, आणि तुम्ही पुढच्या ब्लॉकमध्ये नसलेली खूण शोधत बसता. लांब ओळींच्या फाइलीत तर लागोपाठ अनेक ब्लॉकची नोंद सारखीच असते, तिथे ही चूक हमखास उघडी पडते.

स्क्रोल करताना मोजू नका

पडद्यावरच्या पहिल्या ओळीची जागा आणि नंबर ही जोडी कायम हाताशी ठेवा. एक ओळ खाली गेलात की नंबरात एक मिळवा, वर गेलात की एक वजा करा. इथे तक्त्याची गरजच नाही. प्रत्येक बाणाला नव्याने मोजणारे व्ह्यूअर फाइलच्या सुरुवातीला पळतात आणि शेवटाकडे रखडतात.

वर जाताना एक बारकावा सांभाळा. तुमची ओळ ज्या बाइटवर सुरू होते, त्याच्या लगेच आधीचा बाइट म्हणजे आधीच्या ओळीची समाप्ती, तोही १० च. मागे शोधायला तिथूनच सुरुवात केली तर तोच पहिल्यांदा सापडतो आणि पडदा जागचा हलत नाही. दोन बाइट मागे जाऊन शोध सुरू करा. दुसऱ्या ओळीवरून वर जाताना आणखी १० सापडणारच नाही, तेव्हा शून्यावर थांबा.

मोजणी पुरी होईपर्यंत

सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या हार्ड डिस्कवर दोन जीबी मोजायला चौदा सेकंदांच्या आसपास लागतात. तेवढा वेळ वाचणाऱ्याला ताटकळत ठेवू नका. तक्ता वेगळ्या थ्रेडवर, म्हणजे प्रोग्रॅममध्ये समांतर चालणाऱ्या कामात, भरत राहू द्या. त्या थ्रेडने आधी नोंद लिहावी आणि मगच नोंदींची संख्या वाढवावी, नाहीतर पडदा रंगवणारा थ्रेड अर्धवट नोंद उचलतो.

वाचणारा मध्येच फाइलच्या शेवटी गेला तर मजकूर लगेच दाखवा, नंबराची जागा मोकळी सोडा आणि खाली टक्केवारी द्या. टक्केवारीला फाइलचा आकार आणि ऑफसेट एवढंच लागतं. मोजणी तिथवर पोचली की नंबर भरा. सरासरी लांबीवरून काढलेला अंदाजी नंबर मात्र त्या रकान्यात कधीही दाखवू नका. ओळीचा नंबर लोक दुसऱ्याला कळवतात, तक्रारीच्या तिकिटात लिहितात, त्यावरून कोड दुरुस्त करतात. तिथे अंदाज घातक ठरतो.

वाढती फाइल

चालू सर्व्हरचा लॉग दर सेकंदाला वाढतो. कुठवर मोजलं तो ऑफसेट आणि तोवरची एकूण संख्या जपून ठेवा, आणि पुढच्या वेळी नेमकं तिथूनच सुरू करा. अर्धवट भरलेला शेवटचा ब्लॉक पूर्ण झाला असं धरलं तर त्यात नंतर आलेल्या ओळी हिशोबातून सुटतात, आणि तिथून पुढचे सगळे नंबर कायमचे कमी राहतात.

फाइलचा आकार मोजलेल्या भागापेक्षा कमी झाला, किंवा त्याच नावाखाली आयनोड, म्हणजे सिस्टिमने फाइलला दिलेली अंतर्गत ओळख, बदलला, तर लॉग फिरवला गेला आहे, म्हणजे जुना बाजूला ठेवून नवा सुरू झाला आहे. तक्ता टाकून द्या आणि पहिल्यापासून मोजा. लॉग फिरवणाऱ्या लॉगरोटेट या साधनाच्या कॉपीट्रंकेट पद्धतीत आयनोड तोच राहतो, फाइल फक्त रिकामी होते, आणि तुम्ही पाहीपर्यंत ती पुन्हा मोठीही झालेली असू शकते. म्हणून पहिले २५६ बाइट जवळ ठेवून तेही ताडून पाहा. अशा फाइलीला मेमरी-मॅप करण्याचा, म्हणजे ती मेमरीचाच भाग असल्यासारखी वाचण्याचा, मोहही टाळा. फाइल मध्येच आखडली तर लिनक्सवर सिगबसचा सिग्नल येऊन व्ह्यूअरच बंद पडतो.

नंबरांचा रकाना

रकान्याची रुंदी सुरुवातीलाच ठरवा. पहिल्या एक एमबीतली सरासरी लांबी घेऊन एकूण ओळींचा अंदाज करा आणि तितके अंक मावतील एवढी जागा सोडा. इथे अंदाज चालतो, कारण तो कोणी वाचत नाही. नाहीतर ९९९ वरून १००० वर जाताना सगळा मजकूर एका अक्षराने सरकतो. लांब ओळ गुंडाळून दाखवताना नंबर फक्त तिच्या पहिल्या पट्टीवर लिहा. शोध लावून निवडक ओळी दाखवत असाल तर नंबर मूळ फाइलचेच ठेवा. आणि मजकूर कॉपी करताना नंबर सोबत जाऊ देऊ नका.

तपासणी

चाचणीसाठी प्रत्येक ओळ नेमकी १०० बाइटची असलेली फाइल बनवा, आणि ओळीतच तिचा नंबर लिहा. मग कोणत्याही जागेचं उत्तर तोंडी काढता येतं: ऑफसेट भागिले १००, अपूर्णांक सोडून अधिक एक. जोडीला छोट्या फाइली ठेवा: रिकामी, फक्त एक १० असलेली, शेवटी १० नसलेली, अख्खी एकाच ओळीची, आणि 'ऊस' लिहून यूटीएफ-१६ मध्ये साठवलेली.

ब्लॉकचा आकार कोडमध्ये कोरून ठेवू नका, बदलता येईल असा ठेवा. चाचणीत तो १६ बाइट करा. सीमेवरच्या चुका ६४ केबीच्या ब्लॉकमध्ये महिनोन्महिने लपून राहतात, १६ बाइटच्या ब्लॉकमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या ओळीलाच बाहेर येतात.