इंग्लंडमध्ये भाड्याचे घर घेताना: घरमालकाची बंधने आणि बदललेले नियम

मुंबई-पुण्याहून इंग्लंडमध्ये येणारा मराठी माणूस अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सचा हिशेब डोक्यात ठेवून घर शोधतो आणि घरमालक म्हणेल ती पूर्व दिशा असे धरून चालतो. शिवाय तो आमच्यासारख्या आधी आलेल्यांचा सल्ला घेतो, आणि तो सल्ला आता बराचसा जुना झाला आहे. रेंटर्स राइट्स ॲक्ट 2025 मधील भाडेकरारविषयक मुख्य तरतुदी 1 मे 2026 पासून लागू झाल्या. त्यानुसार खासगी घरांचे ठरावीक मुदतीचे करार बंद झाले, आणि कारण न सांगता घर रिकामे करायला लावणारी ‘सेक्शन 21’ची नोटीसही गेली. घर विकायचे किंवा स्वतः राहायला यायचे असल्यास मालकाला पहिले वर्षभर तुम्हाला काढता येत नाही आणि त्यानंतरही चार महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तुम्हाला मात्र दोन महिन्यांच्या नोटिशीवर घर सोडता येते. भाडेवाढ वर्षातून एकदाच, तीही दोन महिने आधी लेखी कळवून. पूर्वी परदेशी विद्यार्थ्यांकडून सहा-सहा महिन्यांचे भाडे आगाऊ घेतले जाई. आता राहायला येण्यापूर्वी एका महिन्यापेक्षा जास्त मागता येत नाही.

डिपॉझिटबद्दल मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण नवे लोक सर्वाधिक फसतात ते इथेच. वार्षिक भाडे 50,000 पौंडांपेक्षा कमी असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. म्हणजे महिना 1,500 पौंड भाड्यावर सुमारे 1,730 पौंड. ही रक्कम मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत मालकाने सरकारमान्य तीन योजनांपैकी एकीत तिची नोंद करून त्याचा कागद तुम्हाला दिलाच पाहिजे. तसे केले नाही, तर न्यायालय रकमेच्या एक ते तीन पट भरपाई द्यायला लावू शकते. लंडनजवळच्या स्लाऊ गावातील एका ओळखीच्या कुटुंबाने ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून मराठी मालकाला डिपॉझिट रोख दिले, पावती मागायचा संकोच केला आणि घर सोडताना स्वयंपाकघराच्या पांढऱ्या ओट्यावरचे हळदीचे डाग दाखवून त्याने सारी रक्कम ठेवून घेतली. नोंद असती तर योजनेच्या विनामूल्य तंटानिवारणात नुकसान सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आली असती आणि रोजच्या वापराची झीज त्याला वसूल करता आली नसती. म्हणून रोख रक्कम नको, बँकेतूनच द्या. एकतिसाव्या दिवशी योजनेच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करा. आणि किल्ल्या मिळाल्या त्याच दिवशी ओटा, गालिचे, न्हाणीघराचे कोपरे यांची छायाचित्रे काढून मालकाला ईमेलने पाठवा. आपल्या माणसांत कागद मागणे म्हणजे अविश्वास, ही समजूत इकडे येताना विमानतळावरच सोडावी.

दुरुस्तीचे म्हणाल तर छत, भिंती, नळ, हीटिंग आणि गरम पाणी यांची जबाबदारी 1985च्या लँडलॉर्ड अँड टेनंट ॲक्टने (घरमालक-भाडेकरू कायद्याने) मालकाचीच आहे, करारात काहीही लिहिलेले असो. गॅसची तपासणी दरवर्षी, विजेची दर पाच वर्षांत किमान एकदा, आणि प्रत्येक मजल्यावर धुराचा अलार्म. भिंतीला ओल येऊन बुरशी धरली की ‘तुमच्या फोडण्यांमुळे, घरात कपडे वाळवण्यामुळे’ असे उत्तर हमखास मिळते. खिडकी उघडणे आपले काम आहे हे खरे, पण गळके छप्पर किंवा दमट हवा बाहेर टाकणारा पंखा बंद पडणे हे कारण असेल तर ते मालकानेच निस्तरायचे असते. 2020 मध्ये रॉचडेल येथे बुरशीच्या घरात राहणारा अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा दगावला, तेव्हापासून हा विषय येथे कोणी हसण्यावारी नेत नाही. तक्रार फोनवर नव्हे, लेखी करा. दाद लागली नाही तर कौन्सिलच्या (स्थानिक पालिकेच्या) पर्यावरण-आरोग्य विभागाकडे जा.

वरचे बहुतेक संरक्षण मालकाच्याच घरात एक खोली घेऊन राहणाऱ्याला मिळत नाही. लंडनच्या हॅरो-वेम्बली भागात आपल्या मंडळींकडे असे राहणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या डिपॉझिटच्या नोंदणीची सक्ती नाही आणि थोड्याशा मुदतीत घर सोडायला सांगता येते, म्हणून त्यांनी अटी निदान ईमेलवर तरी लिहून घ्याव्यात. स्कॉटलंड आणि वेल्सचे कायदे वेगळे आहेत. तिकडे जाणाऱ्यांनी येथील नियम गृहीत धरू नयेत.