जिनोव्हाचा फोकाचिया: मित्र सातला येणार असतील तर पीठ तीनला भिजवा

फोकाचिया हा इटलीतल्या जिनोव्हाचा चपटा पाव, जेमतेम दोन सेंटिमीटर जाडीचा. तिथे तो सकाळी कॉफीत बुडवूनही खातात. मित्रांत वाटायला फार सोयीचा, पण त्याच दिवशी संपवायला हवा. दुसऱ्या दिवशी तो चामट होतो. म्हणून मित्र येण्याच्या वेळेपासून उलटं मोजा.

ओटीजीच्या (विजेवरच्या छोट्या ओव्हनच्या) 30×25 सेंमी ट्रेसाठी 300 ग्रॅम मैदा, 6 ग्रॅम मीठ, 3 ग्रॅम (एक सपाट छोटा चमचा) इन्स्टंट यीस्ट, 195 मिली पाणी आणि एक मोठा चमचा ऑलिव्ह तेल घ्या. मैदा वजनकाट्यावरच मोजा, वाटीचा भरवसा नाही. पाणी बोटाला चटका बसेल इतकं गरम असेल तर यीस्ट मरतं. उन्हाळ्यात माठातलंही चालेल. प्रत्येक मैदा सारखं पाणी पीत नाही, तेव्हा शेवटचं 15 मिली हातचं राखून ठेवा.

कालवून 15 मिनिटं झाका, मग आठ मिनिटं मळा. पीठ हाताला चिकटणारच. वरून कोरडा मैदा टाकू नका, पाव घट्ट होतो. हाताला तेल लावा. तासाभरात उंडा दुप्पट होतो, थंडीत दीड तासही लागतो.

ट्रेमध्ये दोन मोठे चमचे तेल पसरून त्यावर उंडा थापा. कोपऱ्यापर्यंत ताणला की तो मागे सरकतो. ओढाताण केली तर फाटेल. 15 मिनिटं झाकून ठेवा, मग आपसूक पसरतो.

आता खरं काम. 50 मिली कोमट पाणी, 3 ग्रॅम मीठ आणि दोन मोठे चमचे तेल बाटलीत घालून जोरात हलवा. बोटं ट्रेच्या तळाला टेकतील इतके खोल खड्डे पाडा आणि हे पाणी सगळीकडे ओता. खड्ड्यांत तळी साचतील, पीठ वाया गेलं असं वाटेल. घाबरू नका. पुढच्या 45 मिनिटांत पीठ फुगतं आणि बरंचसं पाणी मुरतं. भाजताना उंचवटे तांबूस होतात, खड्डे पांढरे आणि ओलसर राहतात. फोकाचियाची सगळी मजा त्यातच आहे. खड्डे उथळ राहिले तर ते भरून येतात आणि साधा पाव हाती लागतो.

ओव्हन 230 अंशांवर, दोन्ही रॉड चालू ठेवून 15 मिनिटं तापवा. ट्रे खालच्या कप्प्यात, 18 ते 20 मिनिटं. उलथन्याने कोपरा उचलून बघा: तळ पांढरा असेल तर आणखी तीन मिनिटं.

भाजल्यावर लगेच जाळीवर काढा, नाहीतर वाफेने तळ ओला होतो. वीस मिनिटांनी कात्रीने पट्ट्या कापा. कुणाला घरी न्यायचा असेल तर पूर्ण निवल्यावर बटर पेपरमध्ये गुंडाळून द्या. गरम पाव डब्यात घातला की लिबलिबीत होतो. उरला तर त्याच संध्याकाळी फ्रीझरमध्ये, आणि खाताना 200 अंशांवर पाच मिनिटं. मायक्रोवेव्ह नको, रबर होतं.

यात अंडं नाही, दूध नाही. तरी जैन मित्रांना यीस्ट चालतं का ते आधी विचारा; कुणाला ग्लुटेन वर्ज्य असेल तर त्यांच्यासाठी दुसरं काही करा. आणि पट्टी तोंडात घालताना उलटी धरायला सांगा, म्हणजे वरचं मीठ आधी जिभेला लागतं.