पुळणीवर जिवंत डॉल्फिन आला तर पहिला तासभर काय करायचं

आधी गैरसमज काढू. गोव्याच्या किनाऱ्यावर सील नाहीत. पुळणीवर करडा, गुळगुळीत, दीडेक मीटर लांबीचा, पाठीवर पर नसलेला प्राणी दिसला की ‘सील लागलं’ म्हणायचा मोह होतो, पण तो बहुधा फिनलेस पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनचा छोटा नातलग, असतो. डोकं गोल, चोच नाही, पाठीवर बारीक गाठींचा खरखरीत पट्टा, शेपूट आडवी. नाकपुडी तोंडाच्या टोकाला नसते, डोक्याच्या वर असते आणि मिशा नसतात. लांब चोच आणि पाठीवर उंचवटा, त्यावर पर असेल तर तो हंपबॅक डॉल्फिन. तो अडीच मीटरपर्यंत वाढतो आणि बराच जड असतो.

ओळखीला महत्त्व आहे, कारण सील विश्रांतीसाठी किनाऱ्यावर येतो. परदेशातले ‘लांब उभे राहा, त्याला पडू द्या’ हे सल्ले त्याच्यासाठी आहेत. डॉल्फिन आणि पॉरपॉइज विश्रांतीला वाळूवर कधीच येत नाहीत. ते आले म्हणजे आजारी आहेत, जाळ्यात अडकून दमले आहेत, जखमी आहेत किंवा आईपासून तुटलेलं पिल्लू आहे. जून ते सप्टेंबरच्या खवळलेल्या समुद्रात अशक्त प्राणी लाटांबरोबर सहज किनाऱ्याला लागतो.

म्हणून सगळ्यात मोठी चूक म्हणजे त्याला ढकलत समुद्रात नेणं. पॉरपॉइज चार माणसांना उचलता येतो, आणि नेमकं तेच त्याच्या मुळावर येतं: हात लावणारे खूप, विचार करणारे कमी. वाळूवर पडल्या पडल्या त्याचं स्वतःचंच वजन छातीवर आणि स्नायूंवर येतं. पाण्यात हे वजन पाणी पेलत असतं. थोड्याच वेळात स्नायू आखडतात. असा प्राणी पाण्यात सोडला तर तो एका कुशीवर कलंडतो, नाकपुडी पाण्याखाली जाते आणि तो बुडतो. बुडला नाही तर अर्ध्या तासाने दोन किलोमीटरवर पुन्हा लागतो, आणि तिथे कुणी पाहायला नसतं.

जवळ जाण्याआधी वीस-पंचवीस पावलांवर थांबून नाकपुडीकडे पाहा. उघडझाप दिसते का, ‘फुस्स’ असा आवाज येतो का? दोन श्वासांत काही मिनिटांचं अंतर पडू शकतं, त्यामुळे दहा मिनिटं नीट पाहिल्याशिवाय मेला म्हणू नका. श्वास मोजायचे तर एका मिनिटावरून अंदाज नको. पाच मिनिटं मोजून पाचाने भागा. शांत डॉल्फिन मिनिटाला साधारण 2 ते 5 वेळा श्वास घेतो. आकडा त्याच्या बराच वर असेल तर त्रास आहे, आणि हाच आकडा फोनवर पहिल्यांदा विचारला जातो.

फोन कुणाला? जवळच्या मनोऱ्यावरच्या ‘दृष्टी’च्या (गोव्याच्या किनाऱ्यांवर जीवरक्षक ठेवणारी संस्था) जीवरक्षकाला गाठा. त्यांच्याकडून निरोप पुढे जातो. कुणी नसेल तर वन खात्याला फोन करा, आणि तोही नंबर नसेल तर 112. सांगायचं एवढंच, पण नेमकं: किनाऱ्याचं नाव आणि जवळचं शॅक (पुळणीवरचं झोपडीवजा हॉटेल) किंवा खूण, मोबाइलवरून लोकेशन, जिवंत की मेलेला, श्वासांचा आकडा, साधारण लांबी, जखम किंवा जाळं, भरती चढते आहे की ओहोटी. फोटो तीन पुरेत: एक कुशीवरून पूर्ण, एक डोक्याचा, एक शेपटीचा. शेजारी चप्पल ठेवा म्हणजे मोजमाप कळतं. फ्लॅश नको.

आता हात लावायचं काम, आणि तेही फक्त चार-पाच जणांनी. बाकीच्यांना पन्नास पावलं मागे ठेवा. किनाऱ्यावरचे कुत्रे हाकलायला एक माणूस खास ठेवा. हे काम क्षुल्लक वाटतं, पण कुत्र्यांनी घाबरवलेला प्राणी शेपूट आपटतो, आणि शेपटीच्या एका फटक्याने माणसाचं हाड मोडू शकतं. शेपटीपासून दूर, खांद्याच्या बाजूला राहा. तोंड नाकपुडीच्या वर नेऊ नका. त्याच्या फवाऱ्यातून माणसाला आजार लागू शकतो, म्हणून रुमाल किंवा मास्क बांधा आणि हातावर जखम असेल तर लांब थांबा.

प्राणी कुशीवर पडला असेल तर पोटावर आणायचा. आधी ज्या अंगावर पडला आहे तिकडचा छातीचा पर हलक्या हाताने अंगालगत घ्या. मग दोघांनी खांद्याकडून, दोघांनी कमरेकडून एकाच वेळी हळू वळवायचं. पर किंवा शेपूट धरून ओढायचं नाही. तिथले सांधे निखळतात. पोटावर आला की दोन्ही परांखाली हाताने वाळू काढून वीतभर खोल खड्डे करा. पर मोकळे लोंबले तर त्यांवरचा ताण जातो, आणि खड्ड्यांत पाणी भरून ठेवलं तर पर थंड राहतात. लाट नाकपुडीपर्यंत येत असेल तर वाळूचा छोटा बांध घाला. बांधही पुरत नसेल तर चादरीवर घेऊन दोन-चार हात वर सरकवा, घासत नेऊ नका.

ओला ठेवणं हा सगळ्यात लांबलेला आणि कंटाळवाणा भाग, पण जीव यावरच आहे. त्याची चरबी पाण्यातल्या थंडीसाठी असते, आणि वाळूवर तीच त्याला आतून तापवते. शॅकमधल्या सुती चादरी, पंचे, टॉवेल मागून घ्या. समुद्राच्या पाण्यात भिजवून पाठीवर, कुशीवर पसरा. नाकपुडी आणि डोळे उघडे ठेवा. पर आणि शेपूट ही त्याची उष्णता बाहेर टाकायची जागा आहे, तिथे कापड गुंडाळायचं नाही, फक्त पाणी ओतत राहायचं. दोघांनी बादल्या आणायच्या, तिसऱ्याने ओतायचं, म्हणजे खंड पडत नाही. कापड वाळलं की ते उष्णता धरतं आणि कातडीला चिकटतं, म्हणून सतत भिजवा. ओतताना धार नाकपुडीपासून वीतभर तरी लांब आणि बाजूने उतरू द्या. नाकपुडीतून गेलेलं पाणी थेट फुप्फुसात जातं. श्वास सोडून घेतल्यावर नाकपुडी मिटते, ओतायचं ते त्यानंतर. बर्फ अजिबात नको.

शॅकची छत्री वाकडी करून डोक्यावर सावली येईल अशी खुपसा. पण ती कुणाच्या अंगावर पडणार नाही इतकी लांब ठेवा. डोळ्यात वाळू असेल तर बाजूने पाणी सोडा, चोळू नका. हळद, खोबरेल, सनस्क्रीन, मलम काही लावायचं नाही. तोंडात पाणी किंवा मासे घालायचे नाहीत. भजनाचा स्पीकर असो की टाळ्या, आवाज बंद. सेल्फी घेणारा पाहुणा ऐकत नसेल तर त्याच्या हातात बादली द्या, हे भांडणापेक्षा लवकर चालतं.

जाळं किंवा दोर अंगात रुतलेला असेल तर खेचू नका. मोकळा लोंबणारा भाग कात्रीने कापा म्हणजे त्याचा ओढा थांबतो, रुतलेला पशुवैद्यासाठी सोडा. तो काढताच रक्तस्राव सुरू होऊ शकतो. रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, जिवंत प्राणी आला तर गोष्ट वेगळी आहे. तो अजून पाण्यात असतो आणि बहुधा धडधाकट असतो. रापण वर ओढणं थांबवा, छातीभर पाण्यात जाऊन वरचा बोयांचा दोर हाताने पाण्याखाली दाबा आणि तो जाण्याइतकी वाट मोकळी ठेवा. जाळ्यात गुंतला असेल तर पहिल्यांदा डोकं वर धरून श्वास घेऊ द्या, मग जाळं कापा. कापलेल्या फासांची दुरुस्ती संध्याकाळी होते, बुडालेला डॉल्फिन परत येत नाही.

कासव सापडलं तर हे सगळं तसंच लागू करू नका. पावसाळ्यात वाहून आलेल्या ऑलिव्ह रिडलेला अनेकदा सोडून दिलेल्या जाळ्याने पर कापलेले असतात. ते समुद्रात परत टाकलं तर अशक्त असल्याने बुडतं, आणि पाण्याच्या टबात ठेवलं तरी बुडू शकतं. सावलीत, रिकाम्या टबात किंवा गोणपाटावर, पोटावर ठेवा, पाठीवर ओला टॉवेल, नाक मोकळं. नोव्हेंबर ते मार्च रात्री मांद्रे, मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे अंडी घालायला चढलेली मादी मात्र बरी असते: टॉर्च बंद करा, मागच्या बाजूला दूर निश्चल बसा आणि वन खात्याच्या रक्षकाला कळवा.

मेलेला डॉल्फिनही पुरू नका. वन खात्याला लांबी, नर-मादी आणि मृत्यूचं कारण नोंदवायचं असतं. फुगलेला असेल तर काठीने टोचू नका, आतला वायू जोराने बाहेर येतो. दात, हाड, कवटी घरी नेणं हा गुन्हा आहे. डॉल्फिन, पॉरपॉइज आणि ऑलिव्ह रिडले तिन्ही 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, आणि त्यांची शिकार केल्यास 3 ते 7 वर्षांची कैद होऊ शकते. कासवाच्या अंड्यांना हात लावणंही याच कायद्यात शिकारीत मोडतं.

मदतीचं पथक आलं की बादल्या थांबवू नका, ते सांगतील तेव्हाच थांबा. श्वासांचे आकडे वेळेसह लिहिलेला कागद त्यांच्या हातात द्या. मग साबणाने कोपरापर्यंत हात धुवा आणि वापरलेले पंचे वेगळे टाका, घरच्या कपड्यांत धुवायला घालू नका.