कॅसिनो पार्टीत डीलर म्हणून उभं राहण्याआधी

कॅसिनो पार्टीत टेबलामागे उभं राहून खेळ चालवणाऱ्या डीलरचं काम आलं, तर होकार कळवण्याआधी आयोजकाला पहिला प्रश्न पैशांचाच विचारायचा, पण आपल्या मानधनाचा नव्हे. टेबलावर खरे पैसे येणार आहेत का, हे विचारा. निव्वळ करमणुकीच्या पार्टीत पाहुण्याला दारातच खोट्या नोटा किंवा चिप्स, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या रंगीत चकत्या, फुकट मिळतात आणि शेवटी उरलेल्या चिप्सच्या बदल्यात फार तर सोडतीची कुपनं. पैसे भरणं, नशिबाचा खेळ आणि मोलाचं बक्षीस या तीन गोष्टी एकत्र आल्या, की बहुतेक ठिकाणचे कायदे त्याला जुगार समजतात. देणग्या गोळा करण्यासाठी भरवलेल्या कॅसिनो नाइटला अनेक ठिकाणी परवाना लागतो. तो काढणं आयोजकाचं काम असलं तरी टेबलामागे उभे तुम्ही असता, म्हणून उत्तर लेखी घ्या. आणि पाहुणा कितीही गमतीत म्हणाला तरी चिपच्या बदल्यात रोख घेणं किंवा देणं तुमच्या हातून कधीच होऊ नये.

मग मानधनाचं बोला. टेबलं मांडण्या-आवरण्याचे तास धरले आहेत का, प्रवासखर्च कोणाचा, पार्टी ऐन वेळी रद्द झाली तर काय, टिप घेतलेली चालते का, एवढं विचारलं की पुरे.

खेळ एकच पक्का करायचा असेल तर ब्लॅकजॅक करा, म्हणजे एकविसाच्या पुढे न जाता डीलरपेक्षा जास्त बेरीज करायचा पत्त्यांचा खेळ. नियम थोडे आहेत आणि नवख्या माणसालाही पहिल्याच डावात मजा येते. राजा, राणी, गुलाम दहाचे, एक्का एकचा किंवा अकराचा. वाटप तुमच्या डाव्या हाताच्या खुर्चीपासून सुरू करायचं. सगळ्यांना दोन-दोन पत्ते, तुमचा एक उघडा आणि एक झाकलेला. सोळापर्यंत डीलरने पत्ता घ्यायचाच, सतराला थांबायचं. एक्का अकराचा धरून सतरा झाले तर थांबायचं की आणखी एक घ्यायचा, हे जागोजागी वेगळं असतं, ते आधी विचारून ठेवा. पहिल्या दोन पत्त्यांत एकवीस झाले तर दोनाला तीन, म्हणजे सरळ आपली दीडकी: १० वर १५, २० वर ३०. २५ वर साडेसदतीस होतात आणि सर्वांत लहान चिप बहुधा ५ ची असते. अशा वेळी ४० देऊन मोकळं व्हा, पण ते सगळ्या टेबलांवर सारखंच हवं, म्हणून इतर डीलरांशी आधी बोलून घ्या. विमा नावाची एक जोडपैज या खेळात असते. ती नवख्यांना समजावत बसू नये असं माझं मत आहे, कारण समजावेपर्यंत टेबलावरचा रंग उतरतो.

रूलेट, म्हणजे फिरत्या चाकावर गोळी कोणत्या आकड्यावर थांबेल यावर पैज लावायचा खेळ, घ्यायचं ठरलं तर पाढे काढा. एकाच आकड्यावरच्या चिपला ३५ पट, दोन आकड्यांमधल्या रेघेवरच्या चिपला १७, तीन आकड्यांच्या ओळीला ११, चार आकड्यांच्या कोपऱ्याला ८, सहा आकड्यांना ५, डझन किंवा स्तंभाला २, आणि लाल-काळं, सम-विषम यांना बरोबरीचे. शाळेत सतराचा पाढा घोकून घेतला असेल तर त्याचं चीज इथे होतं. पस्तिसाचा मात्र नव्याने पाठ करावा लागतो. घरी स्वतःला गणितं घाला: आकड्यावर तीन चिप्स, रेघेवर एक, कोपऱ्यावर दोन. १०५, १७ आणि १६ मिळून १३८, शिवाय लावलेल्या चिप्स त्याच्या त्यालाच. बोटं न मोजता हे आलं पाहिजे. क्रमही ठरलेला असतो. चाक एका दिशेला आणि गोळी उलट दिशेला फिरवायची, गोळी मंदावली की ‘आता पैजा बंद’ म्हणायचं, आलेल्या आकड्यावर खूण ठेवायची, आधी हरलेल्या चिप्स ओढायच्या आणि मगच जिंकलेल्यांचे द्यायचे. खूण उचलेपर्यंत नवी चिप लावू द्यायची नाही. लोक लावतातच, तेव्हा हसून परत सरकवायची. प्रत्येकाच्या चिपचा रंग वेगळा ठेवला तर ‘ही माझी, ती तुझी’ हा वाद मुळातच उद्भवत नाही. चाकावर आकडे ३७ आहेत की दोन शून्यं धरून ३८, तेही पाहून ठेवा. कोणी ना कोणी विचारतंच.

आता हात. कॅट टेबलावर पसरून कालवायचा, गोळा करून दोनदा पिसायचा, थोडे-थोडे पत्ते वरून काढून खाली ठेवायचे, पुन्हा पिसायचा, मग कापायला द्यायचा. पत्ते टेबलालगतच राहू द्या, उचललेत की खालचा पत्ता दिसतो. चिप्सच्या थप्प्या विसाच्या करा आणि पाच-पाच कापून बाजूला लावण्याचा सराव करा, म्हणजे समोरच्यालाही मोजणी दिसते. हे सगळं गप्प बसून जमणं सोपं आहे. खरी परीक्षा बोलता-बोलता आहे. घरातल्या कोणाला तरी समोर बसवा आणि मुद्दाम त्रास द्यायला सांगा: मध्येच प्रश्न विचारायचे, उशिरा चिप सरकवायची, बेरीज चुकीची सांगायची. हात आपोआप चालायला लागले, की डोळे आणि तोंड पाहुण्यांसाठी मोकळे होतात, आणि आयोजकाने तुम्हाला बोलावलेलं असतं ते त्यासाठीच.

कपड्यांचं फारसं काही नाही. पांढरा शर्ट, काळी पँट, बो आणि वेस्टकोट. बो कोण देणार ते विचारा. बूट मात्र तीन-चार तास उभं राहता येईल असेच. नखं कापलेली हवीत, सगळ्यांची नजर तुमच्या बोटांवर असते. मोठी अंगठी टेबलाच्या कापडात अडकते, ती घरीच ठेवा.

जागेवर तासभर आधी पोहोचा. रूलेटचं चाक सपाट बसलंय का ते पाणसळ लावून किंवा मोबाइलवरच्या लेव्हलच्या ॲपने पाहा. प्रत्येक कॅटचे ५२ पत्ते मोजा, जोकर काढून टाका. चिप्स संपलेल्या पाहुण्याला पुन्हा किती द्यायच्या आणि खेळ नेमका किती वाजता थांबवायचा, हे यजमानाच्या माणसाकडून वदवून घ्या.

खेळ सुरू झाला की नियम अर्ध्या मिनिटात सांगून थेट पत्ते वाटा, बाकीचं खेळता-खेळता समजतं. पत्ता हवा तर टेबलावर टकटक, नको तर हात आडवा फिरवायचा, हे आधी दाखवा. गाण्यांच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येत नाही. सोळावर अडलेल्याला मोकळेपणाने सल्ला द्या. इथे जास्तीत जास्त डाव उरकायची घाई नाही. पण कोणाला जिंकवण्यासाठी पत्ते हलवू नका, अगदी उत्सवमूर्तीसाठीसुद्धा. लोकांच्या ते लक्षात येतं आणि मग कोणीच मनापासून ओरडत नाही. मोजणी चुकली तर पत्ते जागचे हलवू नका, सगळ्यांसमोर मोठ्याने पुन्हा मोजा, आणि तरीही शंका उरली तर निकाल पाहुण्याच्या बाजूने द्या. पेयाचा आग्रह होईल. पाण्याचा ग्लास हाती धरा, तोही टेबलापासून लांब ठेवा.

शेवटचे तीन डाव राहिले की तसं जाहीर करा, नाहीतर कुपनांच्या रांगेत धक्काबुक्की होते. आवरताना सर्वांत आधी रूलेटची गोळी डबीत टाका आणि मगच टेबलाचे पाय दुमडा.