तुसापासून सिलिकॉन : भट्टी लावण्याआधीची तयारी

ट्यूब फर्नेसची, म्हणजे नळीच्या आकाराच्या भट्टीची, पाळी मिळाली की सगळ्यांची घाई सुरू होते. पण नॅनो सिलिकॉन, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचं सिलिकॉन, चांगलं निघणार की नाही, हे बरंचसं त्याआधीच ठरलेलं असतं.

कोल्हापुरात साखर कारखान्यांची राख मिळते, फाउंड्रीची जळकी वाळूही मिळते आणि सिलिका (सिलिकॉनचं ऑक्साइड) दोन्हींत आहे. तरी पहिल्या प्रयोगासाठी आजरा किंवा गगनबावड्याकडच्या भात गिरणीतलं तूसच आणा. वाळूतली सिलिका स्फटिकरूप आणि जाड असते, तर तुसातली अस्फटिक आणि मुळातच अतिसूक्ष्म कणांची. सुगी झाल्यावर लगेच गेलात तर कोरडं तूस मिळेल.

माती सुटेपर्यंत ते धुवा, मग विरळ हायड्रोक्लोरिक आम्लात उकळा. ही पायरी गाळायचीच नाही. तुसात पोटॅशियम राहिलं तर जळताना सिलिका मऊ होऊन कार्बन आत कोंडतो, आणि कितीही जाळलं तरी राख काळीच राहते. आम्ल पूर्ण निघेपर्यंत धुऊन, वाळवून, 600 ते 700 अंश सेल्सिअसला हवेत जाळा. राख पांढरीशुभ्र आणि बोटांत सहज चुरडणारी हवी. ती हाताळताना मास्क घाला.

कार्बनने सिलिकेचं क्षपण करायला, म्हणजे तिच्यातला ऑक्सिजन काढून सिलिकॉन मिळवायला, 2000 अंशांच्या आसपास जावं लागतं. मॅग्नेशियमने ते 650 अंशांना होतं, म्हणून कॉलेजच्या भट्टीत शक्य आहे. 1 ग्रॅम सिलिकेला 0.81 ग्रॅम मॅग्नेशियम लागतं. पहिली खेप यापेक्षा मोठी करू नका. अभिक्रिया स्वतःच इतकी उष्णता सोडते की कण वितळून एकमेकांना चिकटतात आणि नॅनोपणा जातो. हे टाळण्यासाठी सिलिकेच्या दहापट मीठ मिसळतात. 801 अंशांना वितळताना ते जादा उष्णता पिऊन टाकतं. मात्र मीठ आणि राख ओव्हनमध्ये रात्रभर वाळवलेली हवीत. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या हवेत मीठ उघडं राहिलं की लगेच ओलावा धरतं, आणि ओलावा मॅग्नेशियमशी मिळून हायड्रोजन सोडतो.

भट्टीत हवेऐवजी सोडायच्या आरगॉन या निष्क्रिय वायूचा सिलिंडर भरलेला आहे ना, पाहून ठेवा. नायट्रोजन चालणार नाही, गरम मॅग्नेशियम त्याच्याशीही संयोग करतं. मिश्रण झाकणाच्या स्टीलच्या बोटीत (होडीच्या आकाराच्या भांड्यात) भरा. भट्टीची क्वार्ट्झची नळी स्वतःच सिलिका आहे, त्यामुळे मॅग्नेशियमची वाफ तिलाही खाते. शेजारी धातूच्या आगीसाठीचं, डी वर्गाचं अग्निशामक हवं. पेटलेल्या मॅग्नेशियमवर पाणी किंवा कार्बन डायऑक्साइड मारला तर आग वाढते.

भट्टी पूर्ण थंड झाल्यावर मीठ पाण्याने आणि मॅग्नेशियम ऑक्साइड आम्लाने काढायचं असतं. त्याआधी चिमूटभर नमुना एक्सआरडीला, म्हणजे पदार्थ ओळखायच्या क्ष-किरण तपासणीला, द्या. तिच्या आलेखात 28.4 अंश कोनाचं शिखर सिलिकॉनचं, 40 च्या जवळचं मॅग्नेशियम सिलिसाइडचं. हे दुसरं दिसलं तर जपा. आम्ल पडताच त्यातून सिलेन वायू सुटतो आणि हवेत आपोआप पेट घेतो. आम्ल थेंबाथेंबाने, फ्यूमहूडमध्ये (वायू बाहेर ओढणाऱ्या काचेच्या कपाटात), काच खाली ओढूनच घाला.