कुत्र्याच्या गुडघ्याची वाटी सरकते? मग या चुका टाळा

पॉम (पॉमेरेनियन) असो, शिह त्झू असो की चिवावा, लक्षण ठरलेलं. पळता पळता मागचा एक पाय अचानक वर उचलतो, तीन-चार पावलं लंगडी घालतो, पाय एकदा मागे झटकतो आणि काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा पळायला लागतो. ओरडणं नाही, रडणं नाही. घरातले म्हणतात, "स्टाईल आहे त्याची!" काहीजण तर रीलही टाकतात.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला एक खाच असते. गुडघ्याची वाटी त्या खाचेतून वर-खाली सरकते. खाच उथळ असली किंवा पायाच्या हाडाची ठेवण जरा वळलेली असली, की मांडीचा स्नायू वाटीला तिरकं ओढतो आणि सरकती खिडकी रुळावरून उतरावी तशी वाटी खाचेबाहेर जाते. छोट्या जातींत ती बहुतेक वेळा आतल्या बाजूला जाते. डॉक्टर याला पटेलर लक्सेशन म्हणतात. बहुतेक कुत्र्यांत ही हाडांची ठेवण जन्मापासूनची किंवा वाढीच्या वयात घडलेली असते, त्यामुळे "परवा सोफ्यावरून पडला म्हणून झालं" हे क्वचितच पूर्ण खरं असतं. पडणं हे निमित्त. साधारण निम्म्या कुत्र्यांत दोन्ही गुडघ्यांत दोष असतो, म्हणून तपासताना चांगला दिसणारा पायही सोडायचा नाही.

"आता बरा चालतोय ना, मग राहू दे"

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. हा त्रास येतो-जातो. दवाखान्यात नेईपर्यंत कुत्रा टुणटुणीत चालायला लागतो, डॉक्टरांसमोर तर हमखास, आणि मालक ओशाळून परत येतो. पण वाटी प्रत्येक वेळी खाचेच्या कडेवरून घासत बाहेर जाते आणि घासतच आत येते. तिथली कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आवरण, झिजत जाते. काही वर्षांनी जो कुत्रा सकाळी उठताना ताठरतो, जिना चढायला नाही म्हणतो, त्याचा संधिवात त्या दिवशी नाही, या घासण्यातूनच सुरू झालेला असतो.

दुखतंय हे कुत्रा ओरडूनच सांगेल या भरवशावर राहू नका. तो इतर गोष्टींनी सांगतो: बसताना एक पाय बाजूला टाकतो, सोफ्यावर उडी मारण्याआधी दोनदा विचार करतो, मागचा गुडघा चाटत बसतो, फिरायला नेल्यावर अर्ध्यातून परत फिरतो. दोन्ही गुडघे बिघडले असतील तर लंगडणं दिसतच नाही, कारण लंगडायला चांगला पायच उरलेला नसतो. असा कुत्रा सशासारखा दोन्ही मागचे पाय एकदम टाकत पळतो, किंवा मागून वाकून चालतो.

मग करायचं काय? व्हिडिओ काढा. सोसायटीच्या पॅसेजमध्ये किंवा पार्किंगमध्ये, मोबाइल कुत्र्याच्या उंचीला धरून: एकदा मागून, एकदा बाजूने, एकदा संथ चालताना आणि एकदा दुडक्या चालीत. लंगडी घातली की तारीख कॅलेंडरवर मांडा. महिन्यातून एकदा होणारी गोष्ट आठवड्यातून तीनदा व्हायला लागली, तर ते तुमच्या आठवणीपेक्षा कॅलेंडर नीट सांगेल.

नुसत्या एक्स-रेवर विसंबणं

"एक्स-रे काढला, नॉर्मल आला" हे वाक्य फार ऐकू येतं. फोटो काढताना वाटी जागेवर असेल तर फोटोत ती जागेवरच दिसणार! या त्रासाचं निदान हाताने होतं. डॉक्टर कुत्र्याला उभं करून आणि मग कुशीवर आडवं करून तपासतात, एका हाताने पाय हळूहळू सरळ करतात, पंजा जरा आत-बाहेर वळवतात आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वाटी बाजूला ढकलून बघतात. सरकली तर बोटाखाली टक्कन जाणवतं. एक्स-रे लागतो तो हाडांचा वाक, संधिवात आणि खुबा बघायला, शिवाय ऑपरेशनची आखणी करायला.

तपासणी झाली की ग्रेड विचारा आणि फाइलवर लिहून घ्या. ग्रेड 1 म्हणजे डॉक्टरांनी ढकलल्यावर सरकते आणि सोडताच आपोआप जागेवर येते. ग्रेड 2 मध्ये चालता-पळता आपणहून सरकते. पाय ताणला किंवा हाताने ढकलली की परत येते. ग्रेड 3 मध्ये बहुतेक वेळ बाहेरच असते, हाताने बसवता येते पण टिकत नाही. ग्रेड 4 मध्ये कायम बाहेर, हातानेही बसत नाही. पुढचे सगळे निर्णय या आकड्यावर आणि कुत्र्याला प्रत्यक्ष किती त्रास होतोय यावर ठरतात. आकडा कायमचा नसतो, म्हणून दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावं.

प्रत्येक लंगडणं वाटीचंच असतं असंही नाही. पंजात बाभळीचा काटा किंवा गोखरू, वळून मांसात घुसलेलं नख, गोचिडांमुळे येणाऱ्या तापातली सांधेदुखी, लहान जातीच्या वाढत्या पिल्लांत खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होऊन होणारा पर्थीस आजार, यातलं काहीही मागच्या पायाच्या लंगडण्यातून दिसू शकतं. आणि मागचे पाय फरफटत असतील, पावलं उलटी पडत असतील, तर वाटी विसरा. तो मणक्याचा मामला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना.

मालीश, बाम आणि हाड बसवणारे

कुत्र्याचा गुडघा नेमका कुठे असतो हेच अनेकांना ठाऊक नसतं. मागच्या पायाला मध्यावर जो टोकदार, मागे वळलेला सांधा दिसतो तो घोटा. गुडघा त्याच्या वर, पोटाजवळ, केसांत लपलेला असतो. त्यामुळे महिनोन्महिने तेल चोळलं जातं ते घोट्याला. नुसतं तेल चोळून नुकसान फारसं नाही, फरशी तेलकट होऊन पाय आणखी घसरतो इतकंच. पण कापूर, मेन्थॉल किंवा मिथाइल सॅलिसिलेट असलेला आपला बाम चोळला तर कुत्रा तो चाटणार, आणि ही द्रव्यं त्याच्या पोटात गेली की विषारी ठरतात.

हाड बसवणाऱ्याकडे नेऊन वाटी "बसवून" आणणं तर मुळीच नको. वाटी बसवणं अवघड नसतंच. ती जागेवर राहात नाही हा खरा प्रश्न आहे. ओढाताणीत लिगामेंट (हाडांना हाडं जोडणारा पट्टा) दुखावलं तर एकाचे दोन आजार होतात. घरी पाय वर धरून उभा राहिला तर त्याला शांत बसवा आणि स्वतःहून पाय ताणू द्या. बहुतेक वेळा तेवढ्यात वाटी परत येते.

घरातल्या गोळ्या

पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यातलं काहीही स्वतःच्या मनाने देऊ नका, अर्धी नाही आणि पावही नाही. आयब्युप्रोफेन आणि डायक्लोफिनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मेलोक्सिकॅम किंवा कार्प्रोफेन कुत्र्यांना देतात, पण वजनावर मोजून, आणि बरेच दिवस द्यायचं असेल तर आधी रक्त तपासून. एक गोष्ट मालक सांगायला हमखास विसरतात: खाज सुटते म्हणून आधीच सुरू असलेली स्टेरॉइडची गोळी. स्टेरॉइड आणि ही वेदनाशामकं एकत्र पडली तर पोट फाटण्यापर्यंत वेळ येऊ शकते. काळी शौच किंवा उलटी दिसली की गोळी बंद करून फोन करा.

कॅल्शियमचं खूळ वेगळंच. पाय दुखतो म्हणजे हाडं कमकुवत, म्हणून सिरप चालू! खाच उथळ आहे ती कॅल्शियमने खोल होत नाही. पिल्लाला पूर्ण आहार असलेलं पपी फूड मिळत असेल तर वरून कॅल्शियम लागत नाही, उलट वाढीच्या वयात जादा झालं तर हाडांचंच बिघडतं. सांध्यांसाठी म्हणून देतात त्या ग्लुकोसामीननेही वाटी जागेवर येत नाही. मला विचाराल तर सिरपच्या बाटलीचे पैसे चटयांवर खर्च करा.

गुळगुळीत फरशी आणि बिस्किटं

गेल्या पंचवीसेक वर्षांत आपल्या घरांत शहाबादी फरशी आणि कोबा जाऊन चकचकीत टाइल्स आल्या. दिसायला छान, पण बेल वाजली की दाराकडे सुसाट पळणाऱ्या पॉमसाठी तो बर्फच. पाय बाजूला फाकतो, गुडघा पिळतो, वाटी निसटते. सगळं घर झाकायची गरज नाही. तो ज्या वाटांनी पळतो त्या बघा: पलंग ते दार, दार ते स्वयंपाकघर, पाण्याच्या भांड्याभोवती. तिथे खाली रबर असलेल्या पट्ट्या किंवा जुन्या योगा मॅट टाका. सतरंजी टाकलीत आणि ती स्वतःच सरकत असेल तर काही उपयोग नाही. पंजाच्या गाद्यांमधले केस कापा, शिह त्झू आणि ल्हासात ते मोज्यासारखे वाढतात आणि पकडच राहात नाही. नखंही वेळेवर कापा. पावसाळ्यात फिरणं बंद, घरात धुडगूस जास्त आणि पंजे ओले, म्हणून जून ते सप्टेंबर जास्त जपा.

वजनाबद्दल प्रेमळ खोटं सगळेच बोलतात. "खात काहीच नाही हो!" चार किलोच्या घरबश्या पॉमला दिवसाला साधारण अडीचशे ते तीनशे कॅलरी पुरतात. एका छोट्या ग्लुकोज बिस्किटात वीस-पंचवीस असतात. आजोबांच्या सकाळच्या चहाबरोबर दोन, संध्याकाळी दोन, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा तिथेच संपला. पोळीचे तुकडे वेगळेच. पोळ्या लाटताना हा ओट्याशी मागच्या दोन पायांवर उभा राहून नाचतो, सगळे हसतात आणि एक तुकडा पडतो. त्या नाचात पूर्ण भार त्याच दोन गुडघ्यांवर असतो.

वजन आटोक्यात ठेवल्याने किती फरक पडतो याचा एक गाजलेला अभ्यास आहे. 48 लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतल्या एकाला आयुष्यभर 25 टक्के कमी खाणं दिलं. 2002 मध्ये निष्कर्ष छापून आले: कमी खाणारे सरासरी पावणेदोन वर्षांहून जास्त जगले आणि त्यांना संधिवाताचे उपचार बरेच उशिरा लागले. तुमच्या कुत्र्याच्या बरगड्यांवरून हलका हात फिरवा. दाबल्याशिवाय बरगडी लागत नसेल तर वजन जास्त आहे. घरातल्या सगळ्यांसाठी एकच डबा ठेवा, दिवसाचा खाऊ सकाळी मोजून त्यात घाला. डबा रिकामा झाला की खाऊ संपला, आजोबांसाठीसुद्धा.

पूर्ण विश्रांती किंवा पूर्ण मोकळीक

ऑपरेशन झालेलं नसेल तर महिनाभर कुशीत घेऊन फिरवल्याने मांडीचा स्नायू वाळतो, आणि वाटीला थोडाफार आधार त्याचाच असतो. दुसरं टोक म्हणजे टेरेसवर चेंडू फेकणं: झपाट्याने वळणं, उडी, ब्रेक, तिन्ही वाईट. पट्टा लावून, संथ चालीने, दिवसातून दोन-तीन छोट्या फेऱ्या बऱ्या. सौम्य चढावर चालवणं आणि खाऊ दाखवून बसवणं-उठवणं हा चांगला व्यायाम, आधी डॉक्टरांना विचारून. पलंगाला चढण लावा. तो ती वापरणार नाही, आठवडाभर खाऊ ठेवून शिकवावं लागतं.

एखाद्या दिवशी नेहमीची लंगडी न घालता पाय टेकवायलाच तयार नसेल आणि ते दुसऱ्या दिवशीही तसंच असेल, तर "वाटीचंच असेल" असं धरून चालू नका. जुना त्रास असलेल्या मध्यमवयीन आणि म्हाताऱ्या कुत्र्यांपैकी साधारण 15 ते 20 टक्क्यांत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारं गुडघ्यातलं क्रूशिएट लिगामेंटही तुटतं.

ऑपरेशनचा निर्णय

ग्रेड 1 ला, त्रास नसताना, सहसा ऑपरेशन करत नाहीत. वारंवार लंगडणारा ग्रेड 2 आणि 3-4 ला सल्ला देतात. पिल्लात ग्रेड 3-4 असेल तर "मोठा होऊ दे, मग बघू" ही चूक, कारण वाढीबरोबर हाडाचा वाक वाढत जातो. बहुतेक वेळा खाच खोल करणं आणि वाटीचा स्नायूबंध जिथे नडगीला जोडलेला असतो तो भाग हलवून सरळ रेषेत आणणं, अशी हाडाची कामं लागतात. हाडाचा दोष तसाच ठेवून नुसते टाके घालून सांध्याभोवतीचं आवरण घट्ट केलं तर वाटी पुन्हा सरकण्याची शक्यता बरीच. म्हणून विचारा: नेमकं काय करणार, अशी किती केली, पुन्हा सरकली तर पुढे काय. प्राण्यांच्या शस्त्रक्रियेत एम.व्ही.एससी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलेले सर्जन शोधा. परळ, नागपूर आणि शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत शस्त्रक्रियेचे स्वतंत्र विभाग आहेत.

चांगलं ऑपरेशन घरी येऊन बिघडतं. दहाव्या दिवशी टाके निघतात, कुत्रा पाय टेकवतो आणि घरातले त्याला मोकळं सोडतात. हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तोवर पिंजरा किंवा छोटं कुंपण, शी-शूसाठी पट्ट्यावर बाहेर, सोफा नाही, जिना नाही. तारीख घेताना पंचांगही बघा, मुहूर्तासाठी नाही, तर दिवाळीचे फटाके आणि विसर्जनाचे ढोल त्या आठ आठवड्यांत येतात का यासाठी. घाबरलेला कुत्रा पिंजऱ्यातही उड्या मारतो.

"एकदा पिल्लं होऊ द्या"

हा दोष वंशात उतरतो. ग्रेड कोणताही असो, अशा कुत्र्याची पिल्लं घेऊ नका, ऑपरेशनने चालणं सुधारलं असलं तरीही. नवं पिल्लू आणताना 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ते आठ आठवड्यांहून लहान असता कामा नये. आईला आणि जमलं तर बापाला समोर चालवून बघा. पहिल्या लसीला नेलं की दोन्ही मागचे गुडघे हाताने तपासायला सांगा, आणि वर्षाचं होईपर्यंत प्रत्येक लसीला पुन्हा, कारण आज घट्ट बसलेली वाटी वाढीच्या वयात सैल होऊ शकते.